कोल्विन बेचे पॅव्हेलियन : तीन उभारण्या आणि एक पाडकाम

प्रकरण कशाचे आहे

उत्तर वेल्सच्या किनाऱ्यावरील कोल्विन बे या गावात, व्हिक्टोरिया पिअरवर (खांबांवर उभारून समुद्रात नेलेल्या फिरण्याच्या रस्त्यावर), १९०० ते १९३४ या काळात एकामागून एक तीन पॅव्हेलियन, म्हणजे मैफली-नाटकांची करमणूक सभागृहे, उभी राहिली. पहिली दोन आगीत गेली. तिसरे सर्वाधिक काळ टिकले, पण त्यातली शेवटची वर्षे ते बंद आणि गळक्या अवस्थेत होते, आणि २०१८ मध्ये ते पिअरसह उतरवण्यात आले. २०२१ मध्ये त्याच ठिकाणी एक आखूड पिअर लोकांसाठी खुला झाला, मात्र त्यावर पॅव्हेलियन नाही.

या प्रकरणातील कुतूहलाची बाब अशी की, १९३३ च्या मे महिन्यात जळालेल्या इमारतीच्या जागी नवी इमारत पुढच्या मे महिन्यात सुरूसुद्धा झाली होती. उलट २००८ मध्ये बंद पडलेल्या इमारतीचे करायचे काय, हे ठरून ते अमलात यायला दहा वर्षे लागली. पैसा कमी होता, हे त्याचे एक कारण आहेच. परंतु सगळा इतिहास सलग पाहिला तर असे दिसते की चर्चा नेहमी वरच्या इमारतीची झाली आणि तिला पेलणाऱ्या खांबांचा खर्च कायमचा कोणी उचलायचा, हा प्रश्न प्रत्येक वेळी पुढच्या मालकाकडे ढकलला गेला. खासगी मालकांची नावे येथे दिलेली नाहीत. स्थळ, वास्तुरचनाकार आणि घटनाक्रम मात्र सार्वजनिक नोंदीतले आहेत.

पार्श्वभूमी

ब्रिटिश किनाऱ्यावरचा पिअर म्हणजे जहाजे लागण्याचा धक्का, अशी आपली समजूत असेल तर ती येथे थोडी बाजूला ठेवावी लागते. काही पिअरवर बोटी लागत असत, हे खरे. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेले बहुतेक पिअर हे समुद्रावर फिरायला जाण्याचे, लोखंडी खांबांवर उभारलेले लाकडी फळ्यांचे रस्ते होते आणि त्यांच्या फाटकावर पैसे देऊन आत जावे लागे. मँचेस्टर, लिव्हरपूल यांसारख्या औद्योगिक शहरांतून रेल्वेने सुट्टीला येणाऱ्या लोकांवर उत्तर वेल्समधील लँडुडनो, रिल, कोल्विन बे ही गावे वाढली आणि शेजारच्या गावात पिअर आहे म्हणजे आपल्याकडेही हवाच, ही चढाओढ सुरू झाली.

मँचेस्टरच्या मँग्नल अँड लिटलवूड्स या वास्तुरचनाकारांनी आखलेला व्हिक्टोरिया पिअर १ जून १९०० रोजी खुला झाला. त्यावरच्या मूरिश धाटणीच्या पॅव्हेलियनमध्ये सुमारे २,५०० प्रेक्षक बसू शकत होते, आणि त्याच्या सुरुवातीच्या काळात अडेलिना पॅटी या विख्यात गायिकेचे गाणे तेथे झाले. पुढे काही वर्षांत पिअर समुद्रात वाढवून सुमारे ७५० फूट लांब करण्यात आला आणि १९१७ च्या सुमारास त्याच्या टोकाशी एक छोटे नाट्यगृहही आले.

येथे हिशेबाची रचना समजून घेतली पाहिजे. फाटकावरचे प्रवेशशुल्क थोडे असे; कमाई होई ती पॅव्हेलियनमधल्या मैफली, नृत्य, नाटके आणि चहापाण्यावर. खर्च मात्र मुख्यतः खाली, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात होई. म्हणजे वरच्या इमारतीने कमवायचे आणि खालच्या लोखंडाने खायचे, अशी ही व्यवस्था होती. जोवर पॅव्हेलियन भरत होते तोवर ती चालली.

दोन आगी आणि झटपट घेतलेले निर्णय

मार्च १९२२ मध्ये पहिले पॅव्हेलियन जळाले. पिअरवरील इमारतींना आग लागण्याची कारणे त्यांच्या रचनेतच होती: लाकडी फळ्या, लाकडी सांगाडा, रंगाचे थरांवर थर, खालून आणि बाजूंनी सतत मिळणारा वारा, आणि आत जायला जमिनीकडून एकच वाट. त्यातच ओहोटी असेल तर पाणी दूर गेलेले असते आणि समुद्रावर उभ्या असलेल्या इमारतीसाठी बंबांना पाणी मिळत नाही. हा विरोधाभास अनेक पिअरच्या इतिहासात वारंवार दिसतो.

स्थानिक नगर परिषदेने पिअर ताब्यात घेतला आणि १९२३ मध्ये दुसरे पॅव्हेलियन उभे केले. दहा वर्षांनी, मे १९३३ मध्ये, तेही जळाले. जुलैमध्ये टोकाचे छोटे नाट्यगृहही आगीत गेले. या दुसऱ्या दुर्घटनेनंतर घेतलेले निर्णय बारकाईने पाहण्यासारखे आहेत. टोकाचे नाट्यगृह पुन्हा बांधले नाही. मुख्य पॅव्हेलियन मात्र बांधायचे ठरले आणि त्याचे काम स्टॅन्ली डेव्हनपोर्ट ॲडशेड यांच्याकडे दिले गेले. लिव्हरपूल विद्यापीठातील नगररचनेच्या अध्यासनाचे पहिले प्राध्यापक म्हणून त्यांची ओळख होती. ८ मे १९३४ रोजी खुली झालेली त्यांची इमारत आधीच्या दोघींपेक्षा साधी, घुमट-मनोरे टाळणारी, त्या काळच्या आर्ट डेको वळणाची होती. सभागृहाच्या भिंती ॲडशेड यांची कन्या मेरी ॲडशेड यांनी रंगवल्या; चहाच्या खोलीसाठी चित्रकार एरिक रॅव्हिलियस यांनी पत्नी टिर्झा गारवुड यांच्या मदतीने समुद्रतळाचे एक स्वप्नवत चित्र काढले, ज्यात पाणवनस्पतींच्या मधून बुडालेल्या वास्तूंचे अवशेष दिसत.

त्या वेळी कोणाला कल्पना नव्हती, पण या चित्रांमुळे पुढे संपूर्ण प्रकरणाचे वजन बदलले. रॅव्हिलियस १९४२ मध्ये युद्धचित्रकार म्हणून काम करत असताना आइसलँडजवळ विमानासह बेपत्ता झाले. लंडनच्या मॉर्ली कॉलेजातील त्यांची भित्तिचित्रे महायुद्धातील बॉम्बवर्षावात नष्ट झाली, तर मोरकॅम्बच्या मिडलँड हॉटेलातील चित्रे ओलसर गिलाव्यामुळे थोड्याच काळात गेली. परिणामी एका लहान गावातल्या चहाच्या खोलीची भिंत ही या चित्रकाराच्या भित्तिचित्रांपैकी उरलेली दुर्मीळ जागा ठरली.

१९३४ चा निर्णय जलद आणि त्या काळाच्या दृष्टीने शहाणपणाचा होता, असे मला वाटते. मात्र नवी इमारत पुन्हा जुन्याच पिअरवर बसवली गेली, आणि बदल फक्त वरच झाला. तेव्हा ते खांब चौतीस वर्षांचे होते. त्यामुळे तक्रार करण्याजोगे काही दिसत नसावे.

समस्या

महायुद्धानंतर पिअरचा हिशेब उलटू लागला. स्वस्त विमानप्रवासामुळे ब्रिटिश कुटुंबे स्पेनच्या उन्हाकडे वळली. कोल्विन बेमध्ये गाव आणि समुद्र यांच्यामध्ये रेल्वेमार्ग आधीपासून होताच. १९८० च्या दशकात त्याच पट्ट्यातून ए-५५ हा द्रुतगती मार्ग गेला आणि गावातून किनाऱ्याकडे सहज पाय वळवणाऱ्यांची वाट अधिकच तुटली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस पिअर खासगी मालकीत गेला. पॅव्हेलियनमध्ये नृत्यगृह, मद्यगृह आणि सत्तरीच्या अखेरीस पंक व रॉक संगीताचे कार्यक्रम झाले, आणि त्या पिढीतल्या अनेकांच्या आठवणीतले पॅव्हेलियन हेच आहे. नंतरची वर्षे बंद पडणे, थोडी दुरुस्ती होऊन अंशतः उघडणे आणि मालक बदलणे यांतच गेली. २००३ मध्ये आलेल्या मालकाचे स्थानिक प्रशासनाशी करावरून वाद झाले, २००८ मध्ये त्यांना दिवाळखोर घोषित करण्यात आले आणि पिअरला कुलूप लागले.

इमारतीला कुलूप लागल्यावर खाली काय घडत असते, हे निर्णय घेणाऱ्यांनी नेमके समजून घ्यायला हवे. समुद्रातल्या लोखंडी खांबाला सर्वाधिक गंज चढतो तो पाण्याखाली नव्हे. भरतीच्या पातळीच्या किंचित वर, जेथे लाटांचे तुषार उडतात, जेथे लोखंड सतत ओले आणि कोरडे होत राहते आणि जेथे हवेतला ऑक्सिजन भरपूर मिळतो, त्या पट्ट्यात. जुन्या पिअरचे उभे खांब बहुधा बिडाचे असतात. बिडाच्या गंजाची एक फसवी तऱ्हा आहे: त्यातले लोह हळूहळू निघून जाते आणि मागे ग्रॅफाइटचा सच्छिद्र सांगाडा तसाच राहतो. खांबाचा आकार, रंग, अगदी त्यावरची ओतीव नक्षीही जागेवर दिसते, पण त्यातली ताकद गेलेली असते, आणि हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. खांबांना एकमेकांशी जखडणारे तिरपे दांडे त्यामानाने बारीक असल्याने ते आधी तुटतात. एकेक दांडा गेला तरी वरची इमारत उभीच राहते, म्हणून धोका जाणवत नाही. पण बाजूने येणाऱ्या लाटांचा मारा पेलण्याचे काम याच दांड्यांचे असते. म्हणून पिअर बहुधा रोजच्या वजनाने कोसळत नाही, वादळात कोसळतो.

दरम्यान छत गळू लागले की भिंतीवरच्या चित्रांचा गिलावा सुटतो. अशा रीतीने २००८ नंतर येथे दोन वेगवेगळी घड्याळे चालू झाली, एक लोखंडाचे आणि एक चित्रांचे, आणि दोन्ही प्रशासनाच्या वेळापत्रकापेक्षा जलद होती.

कोणते पर्याय समोर होते

पिअर दुसऱ्या श्रेणीची संरक्षित वास्तू होता. त्यामुळे मालकाला किंवा प्रशासनालाही तो मनाला येईल तसा पाडता येत नव्हता. त्या काळी लागू असलेल्या १९९० च्या वारसा-वास्तू कायद्यानुसार स्थानिक प्रशासन मालकाला दुरुस्तीची नोटीस बजावू शकत होते, न वापरातल्या भागाची तातडीची कामे स्वतः करून खर्च वसूल करू शकत होते, आणि शेवटचा उपाय म्हणून वास्तू सक्तीने संपादित करू शकत होते. कागदावर ही साखळी चांगली आहे. अडचण अशी की वसुली ज्याच्याकडून करायची तोच दिवाळखोर असेल तर नोटिशीला अर्थ उरत नाही, आणि संपादन केले की दुरुस्तीचा सगळा बोजा आपसूक करदात्यांवर येतो. म्हणून अनेक प्रशासने या साखळीच्या पहिल्याच कडीपाशी थांबतात.

दुसरा पर्याय संपूर्ण जीर्णोद्धाराचा होता. त्याच्या समर्थनार्थ इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील बेक्सहिलच्या डी ला वॉर पॅव्हेलियनचे उदाहरण नेहमी दिले जाते. एरिक मेंडेलसोन आणि सर्ज चेरमायेफ यांनी रचलेली ती १९३५ ची इमारतही पडझडीला आली होती आणि २००५ मध्ये ती कलाकेंद्र म्हणून पुन्हा उघडली. पण ही तुलना अर्धीच लागू पडते, कारण बेक्सहिलची इमारत जमिनीवर आहे. तिच्या पायाखाली रोज दोनदा भरती येत नाही.

अधिक उपयुक्त तुलना त्याच किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज या गावाची आहे. ऑक्टोबर २०१० मधील आगीत तेथील पिअरवरचे बहुतेक बांधकाम जळाले. प्रशासनाने सक्तीच्या संपादनाचा मार्ग वापरला, पिअर एका धर्मादाय संस्थेकडे सोपवला, लॉटरीचा वारसा-निधी (राष्ट्रीय लॉटरीच्या पैशातून वारसा-जतनासाठी दिला जाणारा निधी) मिळाला, हजारो लोकांनी संस्थेचे सामुदायिक भाग (शेअर) विकत घेतले, आणि २०१६ मध्ये पिअर उघडला. तेथे जळालेल्या पॅव्हेलियनची नक्कल केली नाही. मोठी मोकळी फरसबंदी आणि लाकडी मुखाची एक लहान इमारत एवढेच ठेवले. या कामाला २०१७ चा स्टर्लिंग पुरस्कार हा ब्रिटनमधील वास्तुकलेचा मानाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संस्था आर्थिक अडचणीमुळे दिवाळखोरी-प्रशासकांच्या ताब्यात गेली आणि २०१८ मध्ये पिअर खासगी मालकाला विकला गेला. बांधकामासाठी निधी मिळवता येतो. दरवर्षीच्या देखभालीचा निधी मिळवणे त्याहून कठीण असते, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे मिळणार नाही. ब्रायटनच्या वेस्ट पिअरची कथा याच्या आधीच्या टप्प्यावर संपते: १९७५ मध्ये बंद झालेला, सर्वोच्च श्रेणीचे संरक्षण लाभलेला आणि लॉटरी-निधीचे आश्वासन मिळालेला तो पिअर निधी खर्च होण्यापूर्वीच २००२ च्या अखेरीस कोसळू लागला आणि २००३ मध्ये जळाला.

तिसरा पर्याय मधला होता: पिअर आखूड करायचा, किनाऱ्याजवळचा भाग वाचवायचा आणि पॅव्हेलियनचे जे भाग वाचतील ते सुटे करून सांभाळायचे. चौथा म्हणजे सगळे काढून किनारा मोकळा करणे. काहीच न करण्याचा पाचवा पर्याय कोणत्याही अहवालात लिहिलेला नसतो. प्रत्यक्षात मात्र बरीच वर्षे तोच अमलात राहिला.

प्रत्यक्षात काय केले गेले

इंग्लंड आणि वेल्सच्या कायद्यानुसार दिवाळखोराच्या मालमत्तेतील नुसता बोजा ठरणारा भाग नाकारण्याचा अधिकार तिच्या विश्वस्ताला असतो, आणि अशी नाकारलेली जमीन-मालमत्ता राजसत्तेकडे जाते. या मार्गाने आलेला पिअर कॉन्वी काउंटी बरो कौन्सिलने, म्हणजे तेथील स्थानिक प्रशासनाने, २०१२ मध्ये घेतला. आधीच्या मालकाने या हस्तांतराला न्यायालयात दीर्घकाळ आव्हान दिले. मालकीच वादात असताना कोणताही निधी देणारा हात आखडता घेतो, हे सांगायला नको.

कौन्सिलने लॉटरीच्या वारसा-निधीकडे जीर्णोद्धारासाठी मागणी केली. ती २०१३ मध्ये फेटाळली गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस कौन्सिलने पिअर पाडण्याच्या दिशेने जायचे ठरवले. मला हा या प्रकरणातला खरा वळणबिंदू वाटतो, कारण त्यानंतर मालक आणि अर्जदार एकच झाले. कौन्सिल स्वतःच्या संरक्षित वास्तूविषयी अर्ज करते तेव्हा निर्णय वेल्सच्या मंत्र्यांकडे जातो. त्यामुळे एका बाजूला जतनाची बाजू मांडणारे स्थानिक गट, दुसऱ्या बाजूला पाडण्याची परवानगी मागणारी मालक-संस्था आणि तिसऱ्या बाजूला न्यायालय, अशी स्थिती झाली. जतनाची मागणी करणाऱ्यांना भावनिक म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण त्यांचा मुख्य मुद्दा तर्काला धरून होता: निधी एकदा नाकारला गेला म्हणून वास्तूचे महत्त्व कमी होत नाही. कौन्सिलचा मुद्दाही तितकाच खरा होता: महत्त्व वाढले म्हणून खांब मजबूत होत नाहीत.

हा तिढा समुद्राने सोडवला. फेब्रुवारी २०१७ मध्ये पिअरचा काही भाग कोसळला आणि त्याच महिन्यात आलेल्या डॉरिस वादळाने आणखी हानी केली. आता प्रश्न सार्वजनिक सुरक्षिततेचा झाला. पिअर उतरवण्याची परवानगी मिळाली आणि २०१८ मध्ये तो उतरवण्यात आला. सुटे भाग पुढच्या बांधणीसाठी बाजूला काढले गेले, आणि रॅव्हिलियस व मेरी ॲडशेड यांच्या भित्तिचित्रांचे जे तुकडे वाचवता आले ते भिंतीपासून सोडवून जतनासाठी ठेवण्यात आले.

निष्पत्ती

२०२१ मध्ये खुला झालेला पिअर हा मूळ लांबीच्या अगदी थोड्या भागाचा आहे. तो फिरायला जाण्याची जागा आहे. त्याच्याकडून कमाईची अपेक्षा नाही आणि त्याच्यावर कमाई करणारी इमारतही नाही. हिशेबाच्या दृष्टीने हा १९०० च्या रचनेचा नेमका उलट पर्याय आहे: कमवायचे काही नाही, म्हणून खाणारा भाग जितका कमी ठेवता येईल तितका ठेवलेला. किनाऱ्यावर दरम्यानच्या काळात झालेल्या इतर कामांशी, विशेषतः बाहेरून आणून पसरलेली वाळू आणि पोर्थ ईरियास या नव्या जलक्रीडा केंद्राशी, तो जुळतो. करमणुकीची बंदिस्त जागा आता जमिनीवर आहे, समुद्रावर नाही.

हे अपयश म्हणावे का? काही मैलांवरच्या लँडुडनोमध्ये १८८६ चे पॅव्हेलियन फेब्रुवारी १९९४ मध्ये जळाले आणि त्याच्या जागी नवे बांधले गेले नाही. पिअर मात्र टिकला आणि चालतो आहे. रिलमध्ये सत्तरीच्या दशकात पिअर आणि जुने पॅव्हेलियन दोन्ही गेले, आणि नंतरचे नाट्यगृह जमिनीवर आले. या शेजाऱ्यांच्या तुलनेत कोल्विन बेचा शेवट फारसा वेगळा नाही. गमावले ते एवढेच नाही की इमारत गेली. चित्रांचा जो भाग २००८ मध्ये भिंतीवर होता तो सगळा २०१८ मध्ये हाती लागला नाही, आणि ही हानी टाळता येण्यासारखी होती.

वेगळे काय करता आले असते

चित्रांपासून सुरुवात करावी लागेल. संरक्षित वास्तूच्या भिंतीला पक्के असलेले चित्र कायद्याच्या दृष्टीने वास्तूचाच भाग असते, त्यामुळे ते काढायलाही परवानगी लागते, आणि जतनवादी मंडळी अशा परवानगीला सहसा नाखूश असतात: चित्र काढले की इमारत वाचवण्याचे एक मोठे कारण निघून जाते, अशी त्यांची रास्त भीती असते. तरीही गळके छत, बंद दारे आणि अनिश्चित मालकी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ही भीती बाजूला ठेवून चित्रे तात्पुरती उतरवण्याची परवानगी स्वतंत्रपणे, इमारतीच्या भवितव्याशी न जोडता, मागायला हवी. परत बसवण्याची अट परवानगीत घालता येते. छतावर तात्पुरते आच्छादन घालणे हा त्याहूनही स्वस्त पहिला उपाय होता.

दुसरी गोष्ट मालकी बदलाच्या क्षणांची. सार्वजनिक संस्था समुद्रावरची वास्तू खासगी हाती देते तेव्हा किंमत काय आली यापेक्षा खांबांच्या तपासणीचा अहवाल आणि देखभालीसाठी बाजूला ठेवलेली बांधील रक्कम या दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या असतात. बिडाच्या खांबांची तपासणी म्हणजे ठोकून पाहणे, नमुना काढणे आणि जाडी मोजणे. ती दर काही वर्षांनी व्हायला हवी, कारण वर सांगितल्याप्रमाणे खांब दिसायला शेवटपर्यंत चांगलेच दिसतात. अशा अहवालाशिवाय नव्या मालकाला आपण काय विकत घेत आहोत हेच कळत नाही.

तिसरे, पिअर आखूड करण्याचा मधला पर्याय, जो शेवटी स्वीकारला गेला, तो २०१३ मध्ये निधी नाकारला गेला त्याच वेळी मुख्य प्रस्ताव म्हणून पुढे आणता आला असता. त्या वेळी वाद ‘सगळे वाचवा’ आणि ‘सगळे पाडा’ या दोन टोकांत अडकला होता. दोन्ही बाजूंनी थोडे सोडले असते तर पॅव्हेलियनचा पुढचा भाग किंवा निदान चहाच्या खोलीची मापे आणि रचना किनाऱ्यावरच्या एखाद्या नव्या इमारतीत सामावून घेण्याचा विचार इमारत उभी असतानाच, तिची नीट मोजदाद करून, करता आला असता. वाचवलेली चित्रे कधीतरी लोकांसमोर लावायची झाल्यास हा प्रश्न पुन्हा उभा राहणारच आहे, कारण ती एका विशिष्ट खोलीच्या भिंती, खिडक्या आणि दारे गृहीत धरून काढलेली होती; आणि ती खोली कशी होती याच्या अचूक नोंदी हाताशी असल्याखेरीज कोणत्याही संग्रहालयाला त्यांची मांडणी ठरवता येणार नाही.